शेलारची गुणाबाई आणि सरकारी चाक

अंगण अर्धं सारवून झालं होतं. गुणाबाई उकिडवी बसून शेणकाल्यात बुडवलेला हात जमिनीवरून अर्धगोल फिरवीत मागे मागे सरकत होती. तिच्यापुढे ओलं अंगण होतं आणि त्याच्या पलीकडे कुडाच्या मांडवात तिच्या नवऱ्याचा, लडकू सुताराचा कारखाना. कारखाना आपलं म्हणायचं. एक ठोकळा, एक भाता, आऱ्यांची चळत आणि कुडाला टेकवून ठेवलेली बैलगाडीची दोन चाकं. चाकांवर लोखंडी धाव अजून चढायची होती, त्यामुळे ती बिनचपलेच्या पायांसारखी दिसत होती.

"गुणे, पाय कुठं ठेवू?" कुंपणाशी उभं राहून कुणीतरी विचारलं.

मान वर न करताच तिने आवाज ओळखला. तिच्या माहेरचा, दिघाशीचा अनंता. "डोक्यावर ठेव माझ्या. तेवढीच जागा सुकी हाय."

अनंता हसला, पण नेहमीसारखा हसत आत आला नाही. कुंपणाशीच बूड टेकून बसला. मांडवातून लडकूने हाक मारली, "ये की रं अनंता, चहा घे. तुझ्या गाडीचा साटा धरायला घेतलाय, साग कसला हाय तो बघून तरी जा."

"ओलं हाय जावयबापू, हितनंच बोलतो." अनंताने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, परत डोक्यावर घातली. "गाडी नको या साली."

"का रं? बैल इकलास?"

"बैल हायत. टायरची घेतो म्हनतो. तिच्यात सरकार पैसे घालतंय ना. तिसरा हिस्सा आपल्याला भरायचाच न्हाय." आणि मग गुणाबाईकडे न बघता तो पुटपुटला, "तुझ्या बाळ्याकडनंच घेतू. बाहेरचा थोडाच हाय."

मधे ते ओलं अंगण होतं म्हणून बरं. नाहीतर लडकू हातातल्या वाकसासकट त्याच्यापुढे येऊन उभा राहिला असता. अंगण ओलांडता येईना तेव्हा त्याने तिथूनच ओरडून सांगितलं, "जा, जा! सरकारी चाकावर बस जाऊन! पावसात खाचरात रुतलास म्हंजे सरकार येईल तुला ढकलायला!"

अनंता गेला. गुणाबाईने हात धुतला. त्या दिवशी अंगण तसंच अर्धं राहिलं.

तो सन एकोणीसशे एकोणऐंशीचा माघ महिना होता. भाताची झोडणी आटोपली की माघापासून वैशाखापर्यंत गाड्यांचा हंगाम. गवताचे भारे, भाताचे कणगे, भिवंडीतल्या मागांवरचे कापडाचे गठ्ठे, सगळं बैलगाडीवरच चालायचं. या चार महिन्यांत लडकूच्या घरचं वर्षाचं धान्य यायचं. भिवंडी-वाडा रस्त्यावर डांबर पडलं तसे रस्त्यावरचे लोक लोखंडी धावेला शिव्या घालू लागले, कारण उन्हाळ्यात मऊ झालेल्या डांबरात ती चर पाडत जाई. टायरच्या गाडीला तसं नव्हतं. रबरी चाक, लोखंडी आख, आत छऱ्यांची बेअरिंग. बैलांना हलकी, रस्त्याला सोसणारी. म्हणून पंचायत समितीने तिला अनुदान लावलं होतं. ज्या कारागिरांकडून ती घ्यायची परवानगी होती त्यात नाव होतं बाळारामचं, भिवंडीच्या नाक्याजवळच्या. बाळाराम म्हणजे गुणाबाईचा पाठचा भाऊ.

गुणाबाई दिघाशीच्या सुताराची मुलगी. नांगर आणि दाराच्या चौकटी करणारा गरीब बाप. लग्न होऊन शेलारला आली तेव्हा तिला वाटलं होतं, सुताराच्या घरून सुताराच्या घरी आलो, नवं काय असणार? पण गाडी बनवणाऱ्या सुताराचं घर वेगळं. तिथे बाईलाही काम असतं, आणि ते साधंसुधं नसतं. चाकावर धाव चढवायची तर लोखंडाची कडी आधी लाल तापवावी लागते. त्यासाठी जमिनीवर शेण्या गोल रचतात; शेणी म्हणजे आपली गोवरी. हे कडं रचणं घरधनिणीचं. कुठे शेण्या विरळ पडल्या तर कडी तिथे थंड राहते आणि चाकावर वाकडी बसते. गुणाबाई ते कडं रचायची, मधोमध नारळ फोडायची, वज्रेश्वरीचं नाव घ्यायची, आणि मगच इस्तू लावायची. सासूने शिकवलं तसं ती सगळं करीत आली. सोमवारी महादेवाला बेल, घरात देव्हाऱ्याशी दोन वेळचा दिवा आणि वर्षातली पहिली गाडी वज्रेश्वरीच्या पायऱ्यांपर्यंत नेऊन तिथे जू टेकवायचं.

आणि एक रीत होती. धाव चढवणं एका सुताराचं काम नव्हे. लाल कडी तीन बाजूंनी तिघांनी एकदम उचलावी लागते, नाहीतर चाक जळतं. म्हणून ज्याच्या घरी धाव असेल त्या घरची बाई हळदकुंकू लावलेली एक शेणी दुसऱ्या सुताराच्या घरी पाठवी. शेणी आली की जायचं. भांडण असो, सुतक नसेल तर जायचंच. मजुरी नाही, फक्त जेवण. शेणी पाठवायची ती बाईने. पुरुषाने कुणाला बोलवावं नि कुणाला नाही, हे त्याच्या हाती ठेवलेलंच नव्हतं. ज्याने ही रीत पाडली त्याला सुतारांची डोकी चांगली ठाऊक असणार.

बाप वारल्यावर बाळाराम बहिणीकडे राहायला आला आणि लडकूच्या हाताखाली शिकला. तिच्या हातची भाकर खाऊन त्याला मिशी फुटली, तिनेच त्याच्यासाठी बायको, काशी, बघून आणली. मग तो नाक्याला गेला, वेल्डिंग शिकला आणि टायरची गाडी जोडायला लागला. लडकूने तेव्हा हसून म्हटलं होतं, "जाऊ दे. कढईत तळायचं सोडून तव्यावर भाजायला लागला, आनि काय!" अनुदान लागलं त्या वर्षापासून मात्र हसणं बंद झालं. तरी धावेच्या दिवशी शेणी जायची आणि बाळाराम यायचा.

अनंता गेला त्याच आठवड्यात आणखी दोन गिऱ्हाइकं फिरली. लडकू भिवंडीत सुधीरभाऊंकडे गेला. सुधीरभाऊ कारकून होते, स्वभावाने सज्जन, आणि संध्याकाळी ओसरीवर बसून गरजूंचे अर्ज लिहून देत. गुणाबाई बरोबर होती, दाराशी बसून ऐकत होती.

"काय लिहू?" सुधीरभाऊंनी विचारलं.

"लिवा, की सरकारने आमच्या पोटावर पाय दिलाय. बाळ्याच्या पारड्यात सरकार बसलंय, माझ्या पारड्यात मी एकला. तोलनार कसं?"

सुधीरभाऊ हसले. "लडकूशेट, हे भांडण नुसतं तुमचं नाही बरं का. कालच पेपरात वाचलं. तिकडे विमानं बनवणाऱ्यांचंही हेच चाललंय. युरोपातल्या तीन-चार देशांनी मिळून मोठं विमान काढलं, सरकारांनी पैसा घातला. आता अमेरिकेचे विमानवाले ओरडताहेत, सरकारी पैशावर आमचं गिऱ्हाईक पळवलं म्हणून."

"बरोबरच हाय त्यांचं!" लडकू सरसावला.

"थांबा. युरोपवाले म्हणतात, तुमचं सरकार तुम्हाला लष्कराची कामं देतं, संशोधनाला पैसा देतं, ते काय आभाळातून पडतं?"

दाराशी बसलेल्या गुणाबाईने पदर सावरत विचारलं, "भाऊ, त्यांच्यात शेणी पाठवत असतील का हो?"

सुधीरभाऊंना ते कळलं नाही. लडकूला कळलं आणि आवडलं नाही. त्याने घसा खाकरला. "लिवा. सरकारने कनच्याबी गाडी बनवणाऱ्याला कसलीबी मदत देऊ नये."

सुधीरभाऊंची लेखणी थांबली. "नुसतं टायरच्या गाडीचं अनुदान म्हणू या की. कोणालाही आणि कसलीही, हे फार ओढून होतंय."

"न्हाय. कनच्याबी आनि कसलीबी. माझं काय गुपित हाय? ज्याच्या हातात कसब त्यानं गाडी इकावी."

त्याच्या छातीत त्या वाक्याने जी हवा भरली ती गुणाबाईने पाहिली. कितीतरी दिवसांनी नवऱ्याची पाठ ताठ झाली होती. तिनेही मान डोलावली. सुधीरभाऊंनी लिहिलं.

पंचायत समितीच्या कचेरीतून दोघांनाही बोलावणं आलं. आत साहेबांच्या टेबलापुढे लडकू आणि बाळाराम, दोघांच्या मधे एक रिकामी खुर्ची. बाहेर बाकावर गुणाबाई आणि बाळारामची बायको काशी. मधल्या दाराचा पडदा आखूड होता. आतले पाय दिसत होते आणि बोलणं सगळं ऐकू येत होतं.

"वंसं, जेवून आलात?" काशीने हळूच विचारलं.

"तू?"

"कुठं उतरतंय घशाखाली."

आत साहेब अर्ज वाचत होते. "लडकू सुतार, कोणाही गाडी बनवणाऱ्याला कसलीही मदत देऊ नये, असं तुमचं म्हणणं?"

"व्हय साहेब."

"कसलीही?"

"कसलीबी."

बाळारामचे पाय पडद्याखाली जरा सरकले. "साहेब, मंग भावजींच्या सागाचं काय? जंगलखात्याच्या डेपोतनं सवलतीचा साग मिळतो त्यांना. बाजारभावानं साग घेऊन एक गाडी तरी परवडंल का, इचारा."

"तो साग माझ्या बापाला मिळायचा!" लडकूचा आवाज चढला. "आज्याला मिळायचा! तो हक्काचा हाय. तुझ्यासारखा कालपरवा पंगतीला बसलो न्हाय मी."

"मी उशिरा बसलो म्हनून माझं ताट सरकारी, आनि तुमचं घरचं?"

"डांबर कुनी टाकलं रं? तुझ्या टायरला गुळगुळीत रस्ता पायजे म्हनून ना? तोबी तुझ्याच पारड्यात घाल!"

"आनि जंगल कुनी लावलं, भावजी? तुम्ही?"

काशीने गुणाबाईचा दंड धरला. "एका ताटात जेवतायत नि एकमेकाला उष्टं म्हनतायत," ती कुजबुजली. दोघींना हसूही आलं आणि रडूही.

साहेब वयस्क होते. त्यांनी आवाज चढवला नाही. "तुम्ही दोघंही खरं बोलताय, आणि पंचाईत तीच आहे. तुमच्याच अर्जाप्रमाणे पाहायचं तर मला दोन्ही गोष्टी वर कळवाव्या लागतील. सागाचं वनखात्याकडे, अनुदानाचं जिल्ह्याला. उत्तर येईपर्यंत नवा साग नाही आणि नव्या टायरच्या गाडीला मंजुरी नाही. उत्तर पावसाच्या आधी येईल असं मी सांगू शकत नाही." मग चष्मा काढून ते म्हणाले, "अजून कागद इथेच आहे. आमची एकमेकांविरुद्ध तक्रार नाही असं दोघांनी मिळून लिहून दिलंत, तर मला पुढे पाठवायला काही उरणार नाही. महिनाअखेरपर्यंत वाट बघतो."

दोघंही बाहेर आले. बाळाराम बहिणीच्या पायाशी वाकला. "बाय, येतू." लडकू तोवर जिना उतरून गेला होता.

मग शेलारच्या त्या मांडवात वाकसाचा आवाज बंद झाला. आधी घेतलेल्या लाकडातून अंबाडीच्या रामूची चाकं तेवढी पुरी व्हायची होती. ती झाली की संपलं. लडकू सकाळी उठून ठोकळ्याशी बसे, हत्यारांना धार लावी आणि पुन्हा ठेवून देई. बाळारामचंही तेच, असं काशीकडून कळलं. अनंताची गाडीसुद्धा मंजुरीवाचून अडून राहिली होती. तो लडकूकडून गेला आणि बाळारामकडेही पोचला नाही.

"एक सही करा की," गुणाबाई म्हणे.

"आधी तो करू दे."

"आनि तो म्हनतो आधी तुम्ही."

"मंग ऱ्हाऊ दे. मी कुनाच्या मेहेरबानीवर जगलो न्हाय आजवर."

ते वाक्य गुणाबाईच्या मनात रुतून बसलं. देव्हाऱ्याशी बसली की तेच समोर यायचं. खरंच का आपण कुणाच्या मेहेरबानीवर जगलो नाही? देवापुढे नैवेद्याला ठेवलेल्या पोळीचा गहू कंट्रोलचा होता. स्टोव्हमधलं रॉकेल रेशनचं होतं. अंगावरचं लुगडं सवलतीच्या दिवसांत हातमाग सोसायटीतून घेतलेलं, आणि त्या सवलतीवरून शेजारचा पॉवरलूमवाला किती चडफडत होता हेही तिने ऐकलं होतं. तिला देवळातला प्रसाद आठवला. आपल्या तळहातावर पडला तो आपण देवाचा म्हणून डोळ्यांना लावतो. शेजारणीच्या हातावर जरा मोठा खडा पडला की वाटतं, पुजारी तिच्या ओळखीचा दिसतोय! आणि प्रसाद जुना झाला म्हणून काही तो आपल्या कष्टाचा होत नाही. सासऱ्याला मिळाला, आजेसासऱ्याला मिळाला, मिळालाच ना?

पण हे नवऱ्याला कसं सांगायचं? त्याचं खोटं होतं असंही नाही. त्याच्या हाताला कसब होतंच. एकटा साग काही चाक होत नाही. त्याला नुसती भीती वाटत होती, की दिलेलं दिसलं तर मिळवलेलं दिसेनासं होईल. आणि नाक्यावर बसलेल्या आपल्या भावालाही नेमकी तीच भीती असेल, हे तिला त्या दिवशी फुलं वाहता वाहता उमगलं. देवाने सुचवलं, असं ती पुढे म्हणायची.

रामूची चाकं तयार झाली. आता धाव. लडकू एक, शेजारचा भाऊ लोहार दोन. तिसरा नेहमी बाळाराम असे.

"चिंबीपाड्याच्या सुताराला सांगावा धाड," लडकू दुसरीकडे बघत म्हणाला.

"शेणी कुनाला धाडायची ते मी बघते," गुणाबाई म्हणाली. तिने देव्हाऱ्यातलं कुंकू घेतलं, हळद घेतली, एक चांगली गोल शेणी निवडली आणि दोन बोटं ओढली. भिवंडीला निघालेल्या दूधवाल्याच्या हाती दिली. "नाक्याला. टायरवाल्याकडे." लडकूने ऐकलं. बोलायचा त्याला अधिकारच नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने शेण्यांचं कडं रचलं, कडी आत बसवली, नारळ फोडला. इस्तू लावायची वेळ झाली तरी बाळारामचा पत्ता नव्हता. भाऊ लोहार रस्त्याकडे बघून म्हणाला, "वयनी, नाक्यावर शेणी ओळखतात का आता? का गॅसच्या शेगडीत घातली तुझ्या भावजयीने?"

"येईल तो."

"न्हाय आला तर?"

"तर मी धरीन तिसरी बाजू."

लोहार हसला, पण तिच्या तोंडाकडे बघून आपला सांडस पुसायला लागला. तिने विस्तव लावला. धूर आधी पांढरा, मग निळा झाला. कडी काळपट लाल झाली, मग उजळत चालली. गुणाबाईने पदर खोचला आणि तिसरा सांडस उचलला. लडकू म्हणाला, "वेडी झालीस काय? ठेव तो!" पण थांबायला वेळ नव्हता. लाल कडी वाट बघत नाही.

"बाय, सर बाजूला."

बाळाराम रस्त्यावरून तसाच धावत आला होता, सदरा न काढता. मागून काशी, कुंपणाशी भरून ठेवलेली कळशी उचलूनच आली. त्याने बहिणीच्या हातून सांडस ओढून घेतला आणि जागेवर उभा राहिला. तिघांनी कडी धरली. क्षणभर कुणीच हुकूम सोडला नाही. हुकूम सोडणारा नेहमी लडकूच, आणि बाळारामशी त्याने कचेरीतल्या दिवसापासून तोंड उघडलेलं नव्हतं.

"बाळ्या, डावीकडनं!" लडकू ओरडला. "उचल! आन! आन! भाऊ, खाली! ठोक!"

कडी चाकावर बसली. लाकूड पेटलं, धूर डोळ्यांत गेला, घणाचे घाव पडू लागले. "भावजी, तुमच्या अंगाला वर राह्यलीय!" "दिसतंय मला! ठोक तू!" "पानी! काशे, पानी!" काशीने कळशी उलटली, गुणाबाईने दुसरी. चर्रर करून वाफ उठली आणि वाफेच्या आत चाकाचे सांधे एकामागून एक आवळत गेले. कट्, कट्, कट्. सुताराच्या घरी यासारखा आवाज नाही. दुसरं चाकही तसंच झालं.

पण चाकं थंड झाली तशी माणसंही थंड झाली. पाटावर जेवायला बसले तेव्हा बाळाराम भिंतीकडे बघत होता, लडकू ताटाकडे. भाऊ लोहार दोन-तीनदा बोलायला गेला, मग वालाच्या बिरड्यात त्याने लक्ष घातलं.

गुणाबाईने भात वाढला आणि तिथेच खाली बसली. एरवी पुरुष जेवताना ती अशी बसत नसे.

"बाळ्या, खरं सांग. सरकारनं हात काढला तर तुझी गाडी इकली जाईल?"

बाळारामने घास खाली ठेवला. बायको समोर होती, लोहार समोर होता. "न्हाय," तो म्हणाला. "टायर म्हाग, आख म्हाग. अनुदान हाय तोवर गिऱ्हाईक हाय. वर्षाला भ्या वाटतं, या साली बंद करतील का काय. मला झोप न्हाय लागत बाय, अर्ज नसतानाबी न्हवती लागत."

लडकूने पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं.

"आनि तुम्ही वो?" गुणाबाई नवऱ्याकडे वळली. "साग न्हाय मिळाला तर?"

लडकू भाताचे ढीग करू लागला. "तुला ठाव हाय," तो म्हणाला. "कशाला चार मान्सांत इचारतेस?"

"चार मान्सांत कुठं? घरातच इचारते. तुम्हाला दिलंय त्यानं तुमचं कसब कमी न्हाय होत. त्याला दिलंय त्यानं त्याचं खोटं न्हाय होत. दोघांनी मिळून देनाऱ्याचाच हात कापलात, तर मी काय शिजवू नि ही काय शिजवील?"

"खरं हाय वयनी," भाऊ लोहार म्हणाला. "आनि मला तर कुनीच काय देत न्हाय. माझा अर्ज कुनाइरुद्ध करू?"

काशी फस्सकन हसली. मग बाळारामही हसला. लडकू हसला नाही, पण त्याच्या कपाळावरची आठी सैल पडली.

"टायरच्या गाडीलाबी वरचा साटा लाकडाचाच लागतो," बाळाराम चाचरत म्हणाला. "मी वखारीतनं आनतो, हलक्या जातीचं लाकूड. भावजींनी करून दिला तर..."

"ते मागनं बघू," लडकू म्हणाला. ते काही हो नव्हतं. आयुष्यभर चाकं केलेला माणूस दुसऱ्याच्या चाकांवर नुसता साटा ठेवायला एका जेवणात तयार होत नाही, आणि गुणाबाईने त्याला ढकललंही नाही. चाकांचं दुखणं चाकांचंच राहणार होतं. येत्या चार-दोन वर्षांत रस्त्यावर धावेची गाडी दिसणार नाही, हे तिलाही दिसत होतं. ते तिच्या हातात नव्हतं.

काशीने पिशवीतून कागद काढला. सुधीरभाऊंकडून लिहून घेऊनच ती आली होती, बाळारामला न सांगता. आमची एकमेकांविरुद्ध तक्रार नाही. खाली दोन सह्यांची जागा.

"बाळ्या, तू धाकटा. तू आधी कर," गुणाबाई म्हणाली.

"धाकटा म्हनून मागनं करतो. मोठ्यांच्या आधी कशी करू?"

"हे बघा, परत सुरू झालं," काशी म्हणाली.

लडकूने डाव्या हाताने कागद ओढला. उजवा हात खरकटा होता, तो त्याने ताटात धुतला, पुसला आणि सावकाश, एकेक अक्षर कोरल्यासारखी सही केली. "सही केली म्हंजे तुझी गाडी चांगली असं न्हाय," कागद पुढे सरकवत तो म्हणाला.

"न्हाय तर न्हाय," बाळाराम सही करत म्हणाला. "भात वाढ, बाय."

कचेरीत कागद कोण देणार, असं काशीने विचारलं तशा मात्र दोघांनीही माना फिरवल्या. जो नेईल तो नमला असं नाक्यावर म्हटलं जाईल, शेलारमध्येही म्हटलं जाईल. गुणाबाईने कागदाची घडी घातली आणि कनवटीला खोचली.

दोन्ही चाकं रामूच्या गाडीला लागली. बाळाराम आणि काशी उन्हं कलताना परत निघाले तेव्हा लडकूने कुंपणापर्यंत जाऊन त्यांना निरोप दिला, तोंडाने नाही, नुसता उभा राहून.

गुणाबाई भांडी घासायला बसली. उद्या सकाळी भाकऱ्या आटोपून तिला भिवंडीला जायचं होतं, पंचायत समितीच्या कचेरीत तो कागद साहेबांच्या हातात द्यायला.